मोघणाची दोरी

कपाशीच्या ओळींत तूर पेरायची की नाही, यावरून आमचे घर फुटले. तेव्हा मी कॉलेजात होतो. शेतकरी भाव बघून पीक ठरवतो, असे अर्थशास्त्रात शिकलो. शिकवणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण आमच्या घरी भांडण डाळीच्या भावाचे नव्हते, तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे होते. डोंगरात लाकूड तोडायला गेले की जंगलचा शिपाई कुऱ्हाड हिसकावून घेई. वर्षभराचा स्वयंपाक तुराट्यांवरच होई.

पेरणीची पाभर मोठे काका हाकत. मागे दोरीने बांधलेले मोघण, म्हणजे आंतरपीक पेरायची नळी, आईच्या हातात असे. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सुनेने बोलायचे नाही, म्हणून त्या पेरणीला आई डोक्यावरचा पदर ओढून बैलाशी बोलली.

"का रे बैला, तुन्हा धनीले इचार, बायकास्नी चुल्हामा काय घालानं?"

काकाही बैलालाच म्हणाले, "तिले सांग, तुरनी सावलीमा कपाशी मरी जाई. जाळाले कपाशीन्या पऱ्हाट्या शेत ना!"

"पऱ्हाट्या तुन्हा धनी गुऱ्हाळले दी टाकस."

काकांनी पाभर थांबवली आणि विळ्याने मोघणाची दोरी कापली. "बाईना हातमा पेरनी गई, की घर बुडनं!"

आईने पदर मागे टाकला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्यांच्या डोळ्यांत बघितले.

"मंग तुम्हना हाडं घालू का चुल्हामा?"

काका पाभर तिथेच टाकून घरी गेले. बाईने पाभर धरायची नाही, अशी रीत. वडिलांनी थोरल्या भावाचा शब्द कधी मोडला नव्हता. ते बांधावरून उठले, दोरीला गाठ मारली आणि पाभर हाकू लागले. आईने तूर पेरली.

त्याच वर्षी चुली वेगळ्या झाल्या. दोन अंगणांमध्ये कुडाची भिंत आली. वाट्याला आलेल्या तुराट्या काकांनी हट्टाने गुरांपुढे फेकल्या.

उन्हाळ्यात काकी आमच्या तुराट्यांच्या गंजीजवळ येऊन उभी राहिली. आईने भारा बांधून तिच्या डोक्यावर दिला. काकांनी तो बघितला आणि कुडावरून आमच्या अंगणात परत भिरकावला.

"भिकाऱ्यास्ना सरपनवर मन्ही भाकर भाजाव नही!"

गल्ली बघत होती. काकी पुन्हा आली, विखुरलेल्या तुराट्या गोळा केल्या आणि नवऱ्याच्या समोरून घरात घेऊन गेली.