मामांशिवाय पेटणारा राब

मामांना यंदा राब भाजायला गावी जाता येणार नाही. आज जव्हारच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून ते स्पष्टच सांगितलं. त्यांच्या फुप्फुसांना आता धूर अजिबात चालणार नाही.

माझे मामा पोशेऱ्याचे. कोळशावर वीज तयार करणाऱ्या एका प्रकल्पात त्यांनी ठेकेदाराकडे बारा वर्षं राख भरली, तोंडाला नुसता रुमाल बांधून.

"बारा वर्षं तिकडं धुरात होतो, तवा कोणी भायेर काढला नाय," मामा म्हणाले. "आता घरच्या धुरातून काढता?"

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

तुमच्यापैकी ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. मामांच्या घरी तो घरचा कर्ता पेटवतो. प्रकल्पात होते तेव्हाही मामा त्या एका दिवसासाठी खाडा करून यायचे.

दवाखान्याच्या पायरीवर बसूनच त्यांनी मामीला फोन लावला. "वारा पडल्याबिगर पेटवू नको."

"इतकी वर्षं रचते कोण? मीच ना? आता मला शिकवा," मामी म्हणाली. मग म्हणाली, "फोन चालू ठेवीन. तडतड ऐका तुम्ही."

उद्या सकाळी वारा पडला की मामी राब पेटवेल. मामा माझ्याकडेच मुक्कामाला आहेत. त्यांनी आत्तापासूनच फोन चार्जिंगला लावून ठेवलाय.