दोन भिंतींचं घर

अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते. दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वॉर्डातलाच. तिने "श्वास आत घ्या" म्हटलं, तर भाजीवालाही मुकाट्याने घेतो.

तिचं घर रस्त्यावरून पाहिलं की वाटायचं, दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून रुसून बसलीयत. सासऱ्यांनी ते बांधलं तेव्हा शहर इथून लांब होतं. एक लांबलचक खोली, पुढे ओटा, वर पत्रे. शहर जवळ येत गेलं तसं घरही अंग धरत गेलं. ओट्याला जाळी लागून त्याची खोली झाली, मागे स्वयंपाकघर फुटलं, आणि सासऱ्यांच्या दोन्ही मुलांची लग्नं झाल्यावर लांब खोलीच्या मधोमध फळ्यांचा आडोसा आला.

त्या आडोशावर सिस्टरच्या नवऱ्याने घड्याळासाठी खिळा ठोकला. खिळा लांब निघाला. त्याचं टोक पलीकडे आलं, बरोबर धाकट्या भावाच्या उशीवर.

"दादा, माझ्या डोक्यात खिळा ठोकतोस?"

"मग घड्याळ काय तुझ्या कपाळावर लावू?"

झालं, बोलणं बंद. पक्की भिंत घालायचं ठरलं; पण सामाईक भिंतीवर खिळा ठोकायचा हक्क कुणाचा, यावर घोडं अडलं. शेवटी दोघांनी आपापली भिंत घातली. मधे जेमतेम हात जाईल एवढी फट, कारण दुसऱ्याच्या विटेला आपली वीट टेकवायची म्हणजे कमीपणा! पुढे पत्रे जाऊन स्लॅब आले, तेही वेगवेगळे. जाऊबाईंनी आपला मुद्दाम वीतभर उंच घेतला, आणि फट त्याच्याखाली झाकली गेली. सिस्टरने उत्तर म्हणून गच्चीवर खोलीच चढवली.

भांडणारे दोघेही गेले. मग पुतण्याने आपली बाजू बिल्डरला दिली, आणि बिल्डरच्या नजरेत उरलेली बाजू खुपायला लागली. दोघं मिळून आले.

"काकू, ऐका माझं. आमची बाजू पाडली की मधली भिंत जाणार. तुमचा स्लॅब काय हवेवर राहणार? त्यापेक्षा नव्या इमारतीत फ्लॅट घ्या."

"भिंती दोन आहेत."

बिल्डर हसला. "बाई, एका घरात मधे दोन भिंती कोण बांधतं?"

"आमच्या घरात बांधतात."

"आणि एकच निघाली तर?"

"तर माझ्या डोक्यावर पडेल. तुम्ही का घाम पुसताय?"

तोंडाने म्हणाली खरी, पण मनात पाल चुकचुकलीच. फट होती, भिंतही होती. पण ती नवऱ्याने घातलेली. या माणसाने बनवलेलं स्टूल आजवर एकदाही चारही पायांवर उभं राहिलं नव्हतं. भिंत बांधली तेव्हा ती ड्युटीवर होती. आत काय भरलंय, कुणास ठाऊक!

पाडायच्या दिवशी शेजारणी म्हणाल्या, आमच्याकडे येऊन बसा. सिस्टरने खुर्ची त्याच भिंतीला लावली आणि घट्ट बसून राहिली. पलीकडे घण पडू लागले. वरून चुना गळून तिच्या केसांत पडला. खिळ्यावरचं घड्याळ थडथड उडू लागलं. "पाडलीस तर बघ," ती नवऱ्याला म्हणाली, तो अजून हयात असल्यासारखं.

मोठा आवाज झाला. मग एकदम शांतता. आणि बाहेरून मजूर ओरडला, "साहेब, इथं आणखी एक भिंत आहे!"

सिस्टर केस झटकत बाहेर आली. तिची भिंत उभी होती. गिलावा नाही, सांध्यांतून सिमेंट ओघळलेलं, दिसायला महाभयंकर. पण जागची हललेली नव्हती. राडारोड्यात फटीतून निघालेला एक लाल रबरी चेंडू पडला होता. पुतण्याने तो नकळत उचलला.

"तुझाच. तुझी आई मला चोर म्हणायची त्यापायी," सिस्टर म्हणाली.

पुतण्याने चेंडू खिशात कोंबला. तेवढ्यात तिला दिसलं, ऊन. तिच्या भिंतीवर जन्मात पहिल्यांदा मावळतीचं ऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गवंडी बोलावला. पुतण्या धावतच आला. "काकू, खिडकी कसली पाडताय? आमच्या जागेत उघडेल ती!"

"आत उघडणार आहे. तुमच्याकडे नुसती बघेल."

"पण इमारत आली की बुजेल!"

"बुजू दे. मग वरच्या खोलीला पाडीन," सिस्टर म्हणाली आणि गवंड्याकडे वळली, "थांबलास का रे? ठोक."