देवश्रीचा लाल दिवा

देवश्रीचे वडील शालिग्राम बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात होते. तिथल्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले. आई पद्मिनीबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून देवश्रीनं आईच्या गळ्यात एक बटण अडकवलं आणि बाबांच्या खुर्चीसमोर लाल दिवा बसवला. बटण दाबलं की दिवा लागायचा. "आता कुठं एका हाकेत येऊन राहिले," आई हसायची.

देवश्री भनपुरीच्या एका कंपनीत यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायची. घरचा दिवा बॅटरीवर चाले. बॅटरी पुरावी म्हणून यंत्र मधूनमधून झोपी जाई आणि बटण दाबताच जागं होई. पण दिवा चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, खोट होती. झोपताना तो दिव्याची वीज तोडायचा, जागं झाल्यावर कधीकधी जोडायचाच नाही. देवश्रीच्या हे दोनदा लक्षात आलं होतं. रविवारी बघू, म्हणाली. रविवारी चुलतबहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला सगळे गोल बाजारात गेले.

मंगळवारी दुपारी आई बाथरूममध्ये पडली. बाबा पलीकडच्या खोलीत दिव्यासमोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. ते उठून बघायला गेले तोवर तासभर उलटला होता. दोन दिवसांनी दवाखान्यात आई गेली.

तेरवी झाल्यावर देवश्री लॅपटॉप उघडून बसली. दुरुस्ती चार ओळींची होती: जागं होताच आधी वीज जोडायची, मग दिवा लावायचा. तिनं यंत्र दोनशे वेळा झोपवलं, दोनशे वेळा उठवलं. दिवा दरवेळी लागला. यंत्रात जुनी नोंदही सापडली. त्या दुपारी बटण एकोणीस वेळा दाबलं गेलं होतं.

बाबा समोरच बसले होते. "बिघडला होता का?"

तिनं वहीत लिहिलं, 'हो बाबा. मले माहीत होतं. मी लांबणीवर टाकलं.'

त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे तिनं बटण दाबलं होतं?"

देवश्रीनं मान हलवली.

"मले वाटून राहिलं होतं, तिनं मले बोलावलंच नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, सगळ्या पाऱ्याला, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा. "किती वेळा दाबलं, बाई?"

देवश्रीनं पेन उचललं, खाली ठेवलं. मग एक बोट दाखवलं.

"हव," बाबा म्हणाले, आणि वही मिटून मांडीवर धरून बसले.