तपासणाऱ्यांत माझं नाव

डिचोलीत ड्रायव्हर म्हटलं की खनिजाचा ट्रक चालवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. माझे वडील तसेच ड्रायव्हर होते. त्यामुळे आमची मुलगी घरी बसून ड्रायव्हर तपासते, असं आईने शेजारणीला सांगितलं तेव्हा तिने कुठल्या खाणीवरचे, असं विचारलं.

मी तपासायचे तो ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यातला, कर्नलमधला, एक प्रोग्राम. त्याचं काम सांगायला सोपं आहे. मोठी डिस्क सुस्त असते, म्हणून तिच्यापुढे एक लहान, चपळ डिस्क बसवायची. लिहायला जे येईल ते आधी चपळ डिस्कवर उतरवायचं, ‘झालं’ म्हणून कळवायचं आणि मग सवडीने मोठ्या डिस्कवर हलवायचं. काय हलवलं आणि काय हलवायचं राहिलं, याचा एक नकाशा हा ड्रायव्हर बाळगतो. तो नकाशा चुकला तर सगळंच चुकलं.

कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं त्यात बदल सुचवतात, ते ईमेलच्या एका यादीवर सगळ्यांपुढे ठेवतात आणि बाकीचे वाचून चुका काढतात. पर्वरीतली नोकरी सांभाळून मी हे वाचण्याचं काम करत होते. कुणी सांगितलं नव्हतं, मला आवडायचं. सकाळी पाववाला पोदेर भोंगा वाजवत निघून गेला की चहात पोय बुडवून खाता खाता मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी वाचत बसायचे. कुठेतरी एखादी चूक दिसली की दिवस चांगला जायचा.

अशाच एका सकाळी एका मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरने या ड्रायव्हरसाठी बदलांचा एक संच पाठवला. पहिले बदल साफसफाईचे होते. ते मी वाचले आणि त्यांना माझी संमती कळवली. शेवटचा बदल मात्र वेगळा होता. नकाशा डिस्कवर उतरण्याची वाट न बघता ‘झालं’ म्हणून टाकायचं, नकाशा नंतर लिहायचा. वेग छानच वाढत होता. पण मधल्या मधे वीज गेली तर? परत सुरू झाल्यावर ड्रायव्हर नकाशात बघणार, तिथे नोंद नाही म्हणून चपळ डिस्कवरचं नवं सोडून मोठ्या डिस्कवरचं जुनं खरं मानणार. मी तसं स्पष्ट लिहिलं आणि या बदलाला माझी संमती नाही असंही लिहिलं.

त्या ड्रायव्हरचा कारभार बघणारा गृहस्थ परदेशात होता. नेहमी सभ्य लिहायचा. त्याने उत्तर दिलं की हा ड्रायव्हर ज्या मोठ्या केंद्रांत चालतो तिथे वीज अशी अचानक जात नाही. मी लिहिलं, आमच्याकडे जाते. जोराचा वारा आला तरी जाते, आणि येऊन लगेच परतही जाते. त्याने पुरावा मागितला. मी घरातल्या जुन्या संगणकाचा प्लग पुन्हा पुन्हा उपटून चाचणी केली आणि बिघडलेला मजकूर पाठवला. तो म्हणाला की तुमची डिस्क स्वस्तातली आहे, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. कंपनीच्या इंजिनिअरने त्याखाली लिहिलं की आमच्याकडे अजून एकही तक्रार आलेली नाही.

बदल स्वीकारला गेला. मी बघितलं तर संचातल्या प्रत्येक बदलाखाली, त्या शेवटच्याही, ‘तपासलं’ असं लिहून पुढे माझं नाव. मी लगेच कळवलं. उत्तर आलं की तुम्ही संच वाचला होता, म्हणून आम्हाला वाटलं संमती सगळ्याला आहे. गैरसमजाबद्दल क्षमस्व, पण एकदा जाहीर झालेल्या बदलांच्या इतिहासात आता काही बदलता येत नाही.

मी चिडले, दोन दिवस जेवताना आईशी धड बोलले नाही, आणि मग कामाला लागले. ज्यांची वीज जात नाही असेच लोक तो ड्रायव्हर वापरतात, अशी मी माझी समजूत घातली.

माझा मामा आमच्याच भागातल्या चोपड्याला राहतो. शाळामास्तर होता. मोपाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विमानतळ व्हायच्या आधी तो कितीतरी वर्षं तिथल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर सडा पायाखाली घालत होता. प्रत्येक खडकाला, झरीला, खळगीला नाव होतं. ते नाव आणि ते का पडलं हे त्या माणसाच्या तोंडून, त्या जागेवर उभं राहून मामा रेकॉर्ड करायचा. कागदावर त्याने काही उतरवलं नाही. लिहिलं की बोलणं सपाट होतं, असं त्याचं मत. फाइलला जागेचं नाव द्यायचा, तेवढंच.

तो बदल स्वीकारला गेला त्याच वर्षी म्हापशाच्या दुकानदाराने त्याला सगळं एकत्र ठेवायला, आत एक लहान आणि एक मोठी डिस्क असलेली, एक पेटी दिली. मामाने जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यात भरलं, पेटीने ‘झालं’ म्हटलं, आणि जुन्या डिस्क त्याने पुसून शाळेला देऊन टाकल्या. मला विचारलं नाही. मी कामात असेन, त्रास कशाला, असं त्याला वाटलं. मग एका दुपारी वारा सुटला, वीज गेली, आली, परत गेली.

मामा पेटी टॉवेलात गुंडाळून स्कूटरवरून डिचोलीला घेऊन आला. मी ती उघडली. आत तोच ड्रायव्हर होता, आणि तोच बदल. मी इतिहास काढून बघितला. माझं नाव जागच्या जागी होतं.

मामाला मी सगळं सांगितलं. तो दारापुढच्या बाल्कांवात बसून ऐकत होता.

“तू नको म्हणून सांगलंस, तरी तेंनी घातल्यानी?” त्याने विचारलं.

“होय.”

“आणि तुझा नाव घालून?”

“होय.”

त्याने चष्मा काढून पुसला. नंतर म्हणाला, “काय गावता ता बघ.”

फाइलींची नावं आणि त्यांची मांडणी चपळ डिस्कवरच राहिली होती. नकाशाबरोबर ती गेली. मोठ्या डिस्कवर आवाज उरले होते, तुकड्यातुकड्यांनी. मी ते वेचत राहिले, आणि मामा दर रविवारी येऊन कानाला लावून ऐकत राहिला. आवाज त्याला ओळखता यायचे. हा अमक्याचा बापूस, ही अमक्याची आजी. पण बोलणारा म्हणायचा, “ह्या बघ, हंयसर,” आणि पुढे नुसता वारा. हंयसर म्हणजे इथे, पण इथे म्हणजे कुठे, ते फाइलच्या नावात होतं.

“माणूस गावलो,” मामा एकदा म्हणाला, “जागा नाय गावली.”

जे घडलं ते मी सगळ्या पुराव्यासह यादीवर पाठवलं. कुणी उत्तर दिलं नाही. काही आठवड्यांनी त्याच कंपनीकडून दुरुस्ती आली. चूक आमच्या अंतर्गत चाचण्यांत सापडली, असं वर लिहिलं होतं. त्या इंजिनिअरचे सगळ्यांनी आभार मानले. माझ्या पत्राचा उल्लेख नव्हता. आजही कुणी शोधलं तर बिघडवणाऱ्या बदलाखाली माझं नाव सापडतं, दुरुस्तीखाली सापडत नाही. मी त्या यादीवरून बाहेर पडले. का, असं कुणी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामाला कळलं की सड्यावरची एक म्हातारी अजून आहे, बांद्याकडे मुलीच्या घरी. मी त्याला गाडीने घेऊन गेले. म्हातारी खुर्चीत बसली होती. तिने मामाला ओळखलं, हसली. मामाने रेकॉर्डर पुढे ठेवला आणि काजूच्या मळ्याच्या वरच्या, आता विमानतळाखाली गेलेल्या झरीचं नाव विचारलं. ती खूप वेळ आठवत राहिली. तिचे ओठ हलत होते.

“मास्तरांनू,” ती शेवटी म्हणाली, “थंय नेऊन उभी केलात तर सांगान. हंय बसान काय एक आठवणा नाय.”

मामाने मान हलवली आणि तिच्या मुलीने आणलेला चहा घेतला. रेकॉर्डर बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. घरी येऊन मी ऐकलं तर त्यात बशांचे आवाज होते, बिस्कुट घ्या म्हणणारी मुलगी होती, आणि मामाचं खाकरणं. पुसू का, असं मी विचारलं. तो नको म्हणाला. फाइलला नाव काय देऊ, विचारलं, तर म्हणाला, “ऱ्हवां दे, तशीच.”