बाप बोलत असताना

श्रीरंग मेढेकरला दिल्लीतले गेम बनवणारे टरकून असायचे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला हा माणूस आठवडाभर गुरुग्रामच्या एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गोष्टीवाले गेम खेळून हिंदीतून त्यांची सालटी काढायचा. बड्या परदेशी कंपन्यांनाही सोडायचा नाही. त्याच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ठरलेली : ‘पूरा खेले बिना मैं मुँह नहीं खोलता.’ लोकांचा या वाक्यावर विश्वास होता. त्याचा स्वतःचा तर त्याहून जास्त.

म्हणून तर घरी बसून गेम बनवणाऱ्या पोरापोरींच्या स्पर्धेत त्याला परीक्षक नेमलं. बाकीचे दोन परीक्षक नावालाच. ते आधी श्रीरंगच्या तोंडाकडे बघायचे आणि मग गुण द्यायचे. पहिला आलेला गेम एक कंपनी बाजारात आणणार होती. नोकरी सोडून स्पर्धेत उतरलेल्या लतिकाला तेवढा एकच दरवाजा उघडा होता.

तिच्या गेममध्ये बाप रिटायर झालाय आणि क्वार्टर सोडायचंय. खेळणाऱ्याने मुलगी होऊन घरातल्या वस्तू खोक्यांत भरायच्या. वस्तू उचलली की बाप त्या वस्तूबद्दल काहीतरी सांगतो. सावकाश, शब्द शोधत, मराठीतून मध्येच हिंदीत घसरत.

निकालाआधी श्रीरंगने माईकवर एकेका गेमची हजेरी घेतली. लतिकाच्या गेमवर आला तेव्हा म्हणाला, बाप सुरुवातीला दोन शब्द बोलतो, मग थेट मुका. शेवटी हातात किल्ल्या देऊन निघून जातो. लिहायचा कंटाळा आला की लोक त्याला कला म्हणतात. हॉल हसला. हसू ऐकून त्याने आणखी एक टोला हाणला, की असा बाप असेल तर क्वार्टर सोडलेलंच बरं.

लतिका भांडली नाही. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून म्हणाली, “श्रीरंगदादा, एकदा माझ्यासमोर खेळून दाखवा ना.”

तो ऐटीत बसला. पडद्यावर त्याने भिंतीवरचं घड्याळ उचललं. बाप म्हणाला, “हे बघ, तुझी आई जेव्हा...” आणि श्रीरंगचा अंगठा बोलणं पुढे ढकलायच्या बटणावर पडला. वाक्य गायब. त्याने इस्त्री उचलली, अंगठा पडला. स्टूल उचललं, पुन्हा तेच. चौथ्या वस्तूला बापाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवली.

“तीनदा तोडलं की तो बोलायचं सोडतो,” लतिका म्हणाली. “गेमच तेवढा आहे, दादा.”

श्रीरंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्षानुवर्षं तो पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरं झरकन वाचून बोलणं पुढे ढकलत आला होता. गेम खेळणारे सगळेच असं करतात, पण सगळे काही ‘पूरा खेले बिना’ म्हणून मिरवत नाहीत. चूक कळल्यावरही आधी त्याच्या तोंडून निघाला तो रागच. बटण दिलंय तर माणूस दाबणारच, नको असेल तर ठेवायचं नव्हतं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. बस, एवढंच. तिने शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आयोजक विश्वनाथ येऊन त्याच्या कानाशी लागला. चलो यार, पाहुणे थांबलेत, पहिलं बक्षीस तुझ्याच हस्ते आहे, पोरगी आहे, रडेल आणि विसरेल. श्रीरंग येतो म्हणाला, पण उठला नाही. त्याने गेम पुन्हा पहिल्यापासून लावला. यात मोठेपणा काही नव्हता. स्टेजवर जायला तोंड उरलं नव्हतं आणि पडद्याकडे बघत बसलं की कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नव्हती.

घड्याळ उचललं. “हे बघ, तुझी आई जेव्हा पहिल्यांदा दिल्लीला आली ना...” बाप थांबला. शब्द सापडेना. श्रीरंगचा अंगठा वळवळला. त्याने तो मुठीत घातला आणि मूठ मांडीखाली दाबली. शाळेतल्या पोराने मारापासून हात लपवावा तशी.

स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. पडद्यावर बाप अजून शब्दच शोधत होता. दुसऱ्यांदा पुकारल्यावर विश्वनाथ धावत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, तमाशा मत कर, निकाल लिहून झालाय.

श्रीरंगने मान वर केली नाही. आवाज मात्र मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

“मी हा गेम खेळलेलाच नाही. मुँह आधीच खोललं. माझ्या गुणांवर निकाल लावू नका.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. विश्वनाथ डोक्याला हात लावून स्टेजकडे पळाला. लतिकाने फक्त स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.

“...तेव्हा तिला वाटलं,” बापाला शब्द सापडला होता, “की हे घर आपलंच आहे.”