तारपासाहेब

वसतिगृहावर नवीन बाई रुजू झाल्या की पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगते, ज्या सरकारी भिंतीवर वारल्यांचा तारपा नाच रंगवलेला दिसेल, तिला टेकून बसू नका, पाठ ओली होईल. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत ही सगळी करणी एकाच माणसाची. इमारत दुरुस्तीचे अभियंते होते ते, आणि मी आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. त्यांचं खरं नाव फक्त सरकारी कागदावर असायचं. आम्ही सगळे त्यांना तारपासाहेब म्हणायचो.

साहेबांचा शोध अगदी साधा होता. पांढऱ्या भिंतीवर ओल उठून दिसते, गेरूच्या रंगावर दिसत नाही. म्हणून जिथे ओल तिथे गेरू, आणि नुसता गेरू ओकाबोका वाटतो म्हणून त्यावर पांढऱ्या रंगात नाचणारी माणसं. ओल वर चढली की नाचणारेही वर चढायचे. दवाखान्यात ते कमरेपर्यंत होते, आमच्या निजायच्या हॉलमध्ये पार छताला भिडले होते. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, 'काय संस्कृती जपलीय हो!' म्हणायचे. आमच्या स्वयंपाकीण लक्ष्मीबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांच्या पोशेरा गावच्या घरी लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, कुडाच्या भिंतीवर लिहितात, पण सारवण वाळल्यावर.

बरं, माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही. शास्त्र तोंडपाठ! "बाई, क्रम चुकला की काम फुकट गेलं. आधी पाणी येतं कुठून ते शोधायचं आणि ते बंद करायचं. फुगलेलं प्लास्टर पाडायचं, वीट उघडी करायची, वारा खेळू द्यायचा. भिंत आतून वाळली की मगच नवं प्लास्टर. रंग? रंग सगळ्यात शेवटी!" हे सगळं ते रंगाऱ्याला, 'अजून थोडं वरपर्यंत मार' अशा खुणा करत करत सांगायचे.

"मग साहेब, आपण रंगापासूनच का सुरुवात करतो?" मी एकदा विचारलंच.

"अहो बाई, पाहणीला येणारे काय वीट बघायला येतात?"

माझा जीव मात्र टांगणीला लागलेला असायचा. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. हॉलमध्ये छताची खपली पडायची, मुली खोकून बेजार व्हायच्या, अंथरुणं आंबूस वास मारायची. कधीतरी एखादीच्या डोक्यात पडेल हो, असं मी दर पावसाळ्यात रडायची. साहेब हसून म्हणायचे, "मी आहे ना!" काय आहात तुम्ही? छत्री आहात? पण राग धरावा तर कसा? करवंदांच्या दिवसात जीपमधून टोपलीभर करवंदं घेऊन येणार, मुलींना भागाकार शिकवणार, त्यांच्यासोबत पंगतीत बसून नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण ओरपणार. मेला गोडच इतका की भांडण तोंडातच विरघळायचं.

जेवण झालं की साहेबांना डुलकी लागायची. मुली वर्गात असायच्या, त्यामुळे ते हॉलमध्ये जाऊन समोर दिसेल त्या अंथरुणावर आडवे व्हायचे. श्रावणातली अशीच एक दुपार. मी कोठीघरात तांदूळ निवडत होते आणि धाडकन आवाज झाला. धावत गेले तर साहेब दाराजवळ माठापाशी उभे, हातात पेला, अंगभर पांढरी धूळ. पाणी प्यायला उठले म्हणून वाचले. ज्या उशीवर त्यांचं डोकं होतं, तिच्यावर पाट्याएवढं छताचं ढेकूळ पडलं होतं. वर गंजलेली सळई उघडी पडली होती.

आता हे काहीतरी विनोद करणार, असं मला वाटलं. पण ते वाकून उशीवरचं ढेकूळ बाजूला ढकलू लागले. आवाजाने मुली धावत आल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "ही उशी कोणाची?"

तिसरीतली सोनी पुढे झाली. दाभोसा गावची, हाडं मोजून घ्यावीत अशी पोरगी. "माझी, सर. मी निजते तिथं."

साहेबांनी उशीकडे पाहिलं, सोनीकडे पाहिलं आणि तिचं अंथरूण स्वतः गुंडाळून हॉलबाहेर नेलं.

त्या दिवसापासून माणसाला वेडच लागलं म्हणा ना! संध्याकाळच्या आत मुली वर्गखोल्यांत हलवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेब पोट सावरत गच्चीवर चढले. पाणी जायच्या तोंडाशी पाला साचून तळं झालं होतं, ते हाताने उपसलं. पाऊस सरल्यावर गच्ची नीट करून घेतली आणि मग छताचं आणि भिंतीचं फुगलेलं सगळं, नाचणाऱ्यांसकट, पाडून टाकलं. सळया तारेच्या ब्रशने घासल्या, त्यांना गंजाचं औषध लावलं. विटांवर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी सोलून आत दव आहे का बघायचं. "अजून नाही." मुख्याध्यापक काकुळतीला आले, पाहणी तोंडावर आलीय, निदान चुन्याचा एक हात तरी मारा म्हणाले. साहेब कागद सोलून म्हणाले, "अजून नाही."

पाहणीला मोठे साहेब आले, उघड्या विटा बघून नाक मुरडून गेले. पाठोपाठ बदलीचा हुकूम आला, काम अर्धवट ठेवलं म्हणून! इतकी वर्षं भिंतीवर थापा मारल्या तेव्हा शाली मिळाल्या, आणि जन्मात एक काम क्रमाने केलं तर थेट जिल्ह्याबाहेर. वा रे न्याय! जायच्या आधी विटा एकदाच्या कोरड्या निघाल्या आणि सगळं प्लास्टर त्यांनी उरकून घेतलं. रंग आम्ही मागाहून दिला.

आता पावसाने जोर धरला की त्यांचा फोन येतो. "बाई, गच्चीवरचा पाला काढलात का?" मी चिडते. वयाची पन्नाशी उलटलेल्या बाईला गच्चीवर चढवतो हा माणूस! काढला हो, कालच काढला, म्हणते. मग ते इकडचं तिकडचं बोलत बसतात, लक्ष्मीबाईंच्या वरणाची चौकशी करतात. आणि फोन ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं करून विचारतात, "सोनी कुठं निजते हो हल्ली?"

"तिथंच, साहेब. तिच्या जागेवर."

"बरं," म्हणतात. आणि पलीकडे नाक ओढल्याचा आवाज येतो.