जोडीला शेंगा

दूध मोजणाऱ्याकडं किस्से आपोआप साचतात हो! माणूस किटली घेऊन येतो, दूध मापात ओततो अन् बोलणं माझ्या ओट्यावर सांडून जातो. जाफराबाद रोडच्या आमच्या गावात डेअरीवर मी माप धरायचो. दुष्काळाच्या त्या साली दूध आटत गेलं, बोलणं मात्र वाढतच गेलं.

*

आमच्या नारायणआबांची एकच गाय, चांदी. जर्सी, अन् गाभण. घरातला कडबा संपलेला, बाजारात मिळंना. आबांचं एकच म्हणणं, "पाऊस पडंस्तोवर हिनं तगावं. बस्स!"

जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "बाभळीच्या शेंगा वाळवून, ठेचून द्या. चांगला खुराक आहे. पण जोडीला हं! मुख्य वैरणच पाहिजे."

"बराबर हाय साहेब," आबा म्हणाले. "जोडीचं मी बघतो, मुख्य तेवढं तुम्ही धाडून द्या!"

डॉक्टरांनी मोटारसायकलला किक मारली. ते तरी बिचारे काय करणार!

*

झालं! ज्या बाभळीखाली काट्याच्या भीतीनं कुणी बसत नव्हतं, तिच्यावर आता जो तो हक्क सांगायला लागला. आबांचा शेजारी श्रावण लई चालू. नाल्याकाठच्या बाभळीला त्यानं लाल चिंधी बांधली, म्हणजे ही आपली! दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर परगावच्या बायांनी देवी समजून हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फोडलेला. अन् शेंगा? त्याही बाया प्रसाद म्हणून शेळ्यांना घेऊन गेल्या!

श्रावण खोबरं चावत डेअरीवर आला. म्हणे, "देवी पावली, पण आमची गाय खोबरं खाऊन न्हाई राह्यली!"

*

स्मशानातल्या बाभळीला मात्र कुणी हात लावंना. शेवटी आबा एका पहाटे देवाचं नाव घेत, पोतं घेऊन गेले. फांदीला आकडी अडकवून ओढली, तर वरून आवाज आला, "आबा, हळू! पाय हाय माझा!"

आबांनी आकडी तिथंच टाकली. झाडावर श्रावण!

"घाबरू नका, जित्ता हाय मी," तो म्हणाला. "अर्ध्या तुमच्या, अर्ध्या माझ्या."

स्मशानात वाटणी! आम्ही डेअरीवर लई हसलो. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

*

शेंगा ठेचायचं काम काकूंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं. ठेचून ठेचून त्यांचा खांदा धरला. "द्या आता तशाच," त्या म्हणाल्या. मंग काय, अख्ख्या शेंगा पोटात अन् बिया जशाच्या तशा शेणातून बाहेर!

"दिलेलं परत करून राह्यली आमची चांदी," शेण उचलताना आबा म्हणायचे. तोंडानं हसायचे, पण नजर तिच्या बरगड्यांवर असायची.

*

आबा आधी किटली भरून दूध आणायचे. मंग तांब्या आणायला लागले. एका सकाळी चक्क चहाचा कप घेऊन आले!

"आबा, हे मापात कसं घालू?"

"घालू नको. चहा कर."

केला. दोघांनी मिळून घेतला.

*

मिरगाच्या तोंडावर चांदी बसली. आम्ही सगळ्यांनी मिळून, पोटाखाली लाकडी बल्ली घालून उठवायला बघितलं. आबा शेंग तिच्या तोंडापुढं धरून, "ऊठ माय, ऊठ," म्हणत राहिले. ती उठली न्हाई. वासरू पोटातच गेलं.

त्याच आठवड्यात पाऊस आला, अन् बेफाम आला! मला तर त्या पावसाचा रागच आल्ता.

पुढं चांदीला बांधायचे त्या जागेवर, खुंट्याभोवती, बाभळीची बारकी बारकी रोपं उगवली. एके दिवशी श्रावण अन् मी तिकडून चाललो होतो. बघतो तर आबा अन् काकू त्या रोपांभोवती कुंपण घालत होते. तेही बाभळीच्याच काट्यांचं!

श्रावणला हसू आवरंना. "आबा, खुळे झाले का? बाभळीला कुणी कुंपण करतं व्हय?"

आबांनी मान वर केली न्हाई. काकूंनी पुढची फांदी त्यांच्या हातात दिली.

"शेळ्या फिरून राह्यल्यात," आबा म्हणाले. "खाऊन टाकतील."